फुलपात्रावरचं नाव

भूकंप झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीची तातडीची सभा भरली आणि पहिला पाऊण तास चर्चा फक्त बॅनरवर झाली. भूकंप आमच्याकडे झाला नव्हता. तो नेपाळातल्या एका जुन्या शहरात झाला होता, आणि टीव्हीवर ती पडलेली देवळं आणि विटांचे ढीग बघून नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला एकदम मायेचा उमाळा आला. आमची इमारत स्वतः पन्नाशी उलटलेली. मागच्या बाजूच्या तीन गॅलऱ्यांना लोखंडी टेकू लावलेले, गच्चीवर जायला बंदी, आणि पुनर्विकासाचा विषय प्रत्येक वार्षिक सभेत पुढच्या वर्षावर ढकललेला. भूकंप न होताच आम्ही त्या अवस्थेला पोहोचलो होतो. पण आपण भूकंपग्रस्त आहोत असं कुणाला वाटत नव्हतं, कारण तसा बॅनर कुणी लावला नव्हता.

मदत म्हणून काय पाठवायचं यावर एकमत चटकन झालं. भांडी. कपडे सगळेच पाठवतात, असं आमचे अध्यक्ष म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. शिवाय प्रत्येक घराच्या माळ्यावर लग्नामुंजीत मिळालेली, कधीही न वापरलेली भांडी गोणीत भरून पडलेली होती. पाच पातेली, अकरा ताटं, डझनावारी वाट्या. दान करताना माळाही रिकामा होणार असेल तर माणूस जरा जास्तच दानशूर होतो.

मग अध्यक्षांनी मुद्दा काढला. ते बँकेतून लवकर निवृत्त झालेले गृहस्थ, हातात कायम फाइल. "मॅडम, ट्रान्सपरन्सी पाहिजे," ते मला म्हणाले. "उद्या ही भांडी कोणी बाजारात विकली तर? प्रत्येक भांड्यावर सोसायटीचं नाव घाला."

आता हे वाचणारा मराठी माणूस हसणार नाही, मला ठाऊक आहे. त्याच्याही घरात एकही भांडं नावाशिवाय नसेल. आपल्याकडे माणसाचं मृत्युपत्र करायचं राहून जातं, पण चमच्यावर नाव घालायचं राहत नाही. तेव्हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला. मजकूर ठरला: 'भूकंपग्रस्तांस सप्रेम भेट', त्याखाली सोसायटीचं नाव, त्याखाली 'नौपाडा, ठाणे (प.)'. त्या 'प.' वर वीस मिनिटं गेली. एकजण म्हणाले की तिकडच्या लोकांना पूर्व काय आणि पश्चिम काय. त्यांच्याकडे इतर सगळ्यांनी अशा नजरेने बघितलं की ते खाली बसले.

नाव घालणाऱ्याला मशीन घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये बसवलं. तो बिचारा अकरा दिवस कर्र कर्र करत होता. त्या अकरा दिवसांत तिकडे लोक उघड्यावर झोपत होते आणि इकडे ट्रक ठाण्यातच, खोपटच्या नाक्यावर उभा होता, कारण वाट्यांवर 'सप्रेम' मावत नव्हतं. हे सगळं मी आज शहाणपणाने लिहिते आहे. तेव्हा भांड्यांची यादी करणारी आणि नाव घालणाऱ्याला चहा देणारी मीच होते. ठाण्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं कारकुनी केली आहे मी. यादी म्हटली की माझ्या अंगात येतं.

आणि या अंगात येण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

माझी थोरली बहीण डोंबिवलीला राहते. आम्ही तिला ताई म्हणतो. यजमान गेल्यापासून ती एकटीच, मीही एकटी, आणि रोज दुपारी दोन वाजता तिचा फोन यायचा. काय भाजी केलीस, गुडघा कसा आहे, एवढंच. तिला मी भांड्यांचं सांगितलं तर म्हणाली, "अगं, माझ्या माळ्यावर गोणी आहे ती घेऊन जा. मला काही आता पंगती उठवायच्या नाहीत."

मी रिक्षा करून गेले. ताई तिच्या गुडघ्यामुळे स्टुलावर चढू शकत नव्हती, म्हणून मीच चढले. गोणी घेतली. गोणीच्या मागे एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. तोही घेतला. ती गोणी म्हणाली होती, डबा म्हणाली नव्हती. पण दुसऱ्याच्या घरचं दान करताना माझा हात फार सैल सुटतो. डब्यात काय आहे ते मी बघितलं नाही. यादीत 'डबे, लहान: एक' असं लिहिलं आणि मोकळी झाले.

दोन महिन्यांनी दुपारी दोनचा फोन आला तो वेगळा होता.

"माळ्यावरचा बिस्किटांचा डबा कुठाय?" ताईने विचारलं.

मी म्हटलं, तो तर गेला, नेपाळला. मग ती म्हणाली, "त्यात तिचं फुलपात्र होतं." आणि फोन ठेवला.

ती म्हणजे ताईची मुलगी. एकुलती एक. चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला चाळीस वर्षं होत आली. तिच्या बारशाला मी पाणी प्यायचं छोटं फुलपात्र दिलं होतं. माझ्या पहिल्या पगारातून घेतलेलं, नाव घातलेलं: तिचं नाव, 'हिच्या बारशाप्रीत्यर्थ, मावशीकडून'. तारीख घालायला जागा उरली नव्हती. पोर दुसऱ्या कशातून पाणी प्यायची नाही. ती गेली आणि आठवड्याभरात ताईच्या यजमानांनी सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही, ताईला त्रास होतो. ताईला होत होता की त्यांना होत होता कोण जाणे. पण आमचं घर आज्ञाधारक. फोटो कपाटात गेले, कपडे कुणाला दिले, आणि नाव बंद झालं ते झालंच. आम्ही बोलताना 'ती' म्हणायचो, पुढेपुढे तेही बंद झालं. भांड्यावरची नावं घासूनही जात नाहीत अशा आमच्या घरात एका माणसाचं नाव इतकं स्वच्छ पुसलं गेलं की पुढच्या पिढीला ती होती हेही माहीत नाही.

त्या फुलपात्राचं ताई काय करायची हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. दर वर्षी पोरीच्या वाढदिवसाला डबा खाली काढायची, फुलपात्र घासायची, पाणी भरून खिडकीत ठेवायची आणि संध्याकाळी परत मलमलीत गुंडाळून माळ्यावर. त्या वर्षी गुडघ्यामुळे शेजारच्या बाईंना स्टुलावर चढवलं, तर डबा नव्हता. हे सगळं मला त्या शेजारच्या बाईंनी सांगितलं. ताईने नाही. ताईचा दोनचा फोन बंद झाला. मी केला तर उचलायची, "बरी आहे" म्हणायची आणि ठेवायची. भांडली असती तर मी तोंड दिलं असतं. भांडणात मी कुणाला हार जात नाही.

असं अडीच वर्षं चाललं.

मग आमच्या अध्यक्षांनी पाहणी दौरा काढला. भूकंपाला तीन वर्षं होत होती आणि आपली मदत पोहोचली का हे बघायला हवं असं त्यांच्या फाइलला वाटू लागलं होतं. दौऱ्यात दोन दिवस देवदर्शन, एक दिवस डोंगरावरून सूर्योदय आणि अर्धा दिवस भूकंपग्रस्त असा कार्यक्रम होता. बारा जण तयार झाले. मी असल्या दौऱ्यांना नाकं मुरडणारी बाई, पण तेरावं नाव मी घातलं. का ते कुणाला सांगितलं नाही. फक्त ताईला फोन करून म्हटलं, "मी तिकडे चालले आहे. शोधते." ती म्हणाली, "बरं." तरी फोन लगेच ठेवला नाही, चार-पाच सेकंद धरून होती. त्या चार-पाच सेकंदांवर मी विमानात बसले.

शहर सुंदर होतं. मोडलेलं असूनही होतं. विटांचे चौक, लाकडी नक्षीच्या खिडक्या, उन्हात धान्य वाळत घातलेलं आणि त्याच्यामधून कोंबड्या फिरताहेत. ज्या देवळांचे फक्त चौथरे उरले होते त्या चौथऱ्यांवर म्हातारे ऊन खात बसले होते. गल्लीगल्लीत भिंतींना लाकडी वासे टेकू म्हणून लावलेले, आणि त्या वाशांवर बायकांनी कपडे वाळत घातलेले. लोकांनी टेकूलाही कामाला लावलं होतं. आमच्याकडे टेकूला कुणी हात लावला तर सेक्रेटरी नोटीस काढतात.

आमची मंडळी मात्र खवळली होती. "तीन वर्षं झाली आणि अजून ढिगारे तसेच!" एक काका म्हणाले. "यांच्यात इच्छाशक्तीच नाही." या काकांच्याच एका सहीवाचून आमचा पुनर्विकास चार वर्षं अडला आहे. दुसऱ्या एक बाई सकाळपासून पोळी कुठे मिळेल याची चौकशी करत होत्या. ज्या चौकात शेकडो माणसं ढिगाऱ्याखाली सापडली असं आमचा वाटाड्या सांगत होता, तिथे उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे दशम्या उरल्यात का हो?" मी दिली. खोटं कशाला सांगू, मीही एक खाल्ली.

आमची भांडी ज्या वस्तीत वाटली होती ती एका शाळेच्या मागच्या मैदानात होती. पत्र्याच्या आणि बांबूच्या चाळीसएक खोल्या. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या आणि आता दारात तुळशीसारखी रोपं लावून कायमच्या झालेल्या. शाळेचे एक वयस्क मास्तर आम्हाला घेऊन गेले. त्यांना हिंदी चांगलं येत होतं. त्यांनी वस्तीच्या तोंडाशी उभं राहून फक्त दोन टाळ्या वाजवल्या, आणि काय होतंय हे कळायच्या आत सगळी माणसं बाहेर येऊन रांगेत उभी राहिली. उंच मागे, बुटकी पुढे, लहान मुलं कडेवर. हसलीसुद्धा. मला ते हसू ओळखीचं वाटलं. मंत्री आले की कोर्टाच्या आवारात आम्हीही तसेच उभे राहायचो. तीन वर्षांत किती बॅनर आले असतील त्यांच्यापुढे! आमच्या अध्यक्षांना बॅनर कुठे धरायचा हेही सांगावं लागलं नाही. एका आजीबाईंनी त्यांच्या हातातलं एक टोक घेतलं आणि ऊन मागे नाही, पुढे हवं, असं खुणेने समजावून त्यांना सरकवलं.

फोटो झाल्यावर भांड्यांची पाहणी. अध्यक्ष पहिल्याच दारात थबकले. आमच्या सोसायटीच्या सर्वांत मोठ्या पातेल्यात माती भरून कोथिंबीर लावली होती. पातेल्यावरचं 'सप्रेम' कोथिंबिरीखाली अर्धं झाकलं गेलं होतं. अध्यक्षांचा चेहरा असा झाला की मला त्यांची कीव आली.

"ये खाना पकाने के लिए दिया था," ते म्हणाले.

घरमालकीण गोंधळली. मास्तरांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, एका खोलीत माणसं तीन. हे पातेलं पन्नास माणसांचं." मग अध्यक्षांनी त्या कोथिंबिरीचा फोटो काढला आणि फाइलमध्ये 'पर्यावरणपूरक उपयोग' असं लिहिलं. माणूस अगदीच वाईट नाही आमचा.

मंडळी पुढच्या गल्लीत गेली, मास्तर मागेच राहिले, आणि मी माझ्या कामाला लागले. एका दारात गेले, हाताच्या खुणेने लहान भांडं दाखवा म्हटलं, उलटंपालटं करून नाव वाचलं, परत दिलं. दुसरं दार. तिसरं. पेले, वाट्या, लोट्या. प्रत्येक भांड्यावर नौपाडा, ठाणे पश्चिम. परमुलखात इतक्या वेळा स्वतःचा पत्ता वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काही भांड्यांवर जुनी नावंही होती. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लग्नाची, तळमजल्यावरच्या मुंजीची. ते लग्न मोडलंय आणि मुंजीतला बटू ऑस्ट्रेलियात असतो, पण इथे त्यांचं सगळं व्यवस्थित चालू होतं.

सातव्या-आठव्या दारात माझ्या लक्षात आलं की पुढच्या घरांत धांदल उडाली आहे. बायका भराभर भांडी घासून दाराबाहेर फडक्यावर मांडत होत्या. सगळी नावं समोर केलेली. कुणी विकलं का, हरवलं का, याची तपासणी करायला मीच आले आहे असा त्यांचा समज झाला होता. एक बाई हात जोडून मला काहीतरी सांगत होती. मास्तरांनी अर्थ सांगितला: एक वाटी कमी आहे, पण विकलेली नाही, पोराने नदीत टाकली, माफी असावी.

मला लाज वाटली. अगदी कानापर्यंत वाटली. पण खरं सांगायचं तर मी थांबले नाही. त्या मांडलेल्या भांड्यांमुळे माझं काम सोपंच झालं होतं.

कोपऱ्यावरच्या खोलीसमोर एक तिशीची बाई दह्याची मातीची भांडी रचत होती. ते दही विकूनच तिचं चालतं. तिनेही आपली भांडी मांडली होती: दोन ताटं, एक पातेली, एक झारा. आणि शेवटी ते फुलपात्र. बोटभर उंचीचं, कडेला एक पोचा. तो पोचा माझ्या समोर पडला होता, पोरीने रागाने भिंतीवर मारलं होतं तेव्हा. मी उचललं. वर तिचं नाव, 'हिच्या बारशाप्रीत्यर्थ, मावशीकडून', आणि खाली बुडाला, वर जागा नव्हती म्हणून, डबा उघडून नाव घालणाऱ्याने मशीनने घातलेलं 'भूकंपग्रस्तांस सप्रेम भेट'. आमच्या ताईच्या घरी भूकंप झाला होता तेव्हा कुणी बॅनर घेऊन आलं नव्हतं. आम्ही उलट सांगितलं होतं, आवाज करू नका.

मी त्या बाईला म्हटलं, हे मला पाहिजे. माझं आहे. चुकून आलं. हिंदी माझं यथातथाच, पण तिला समजलं असावं, किंवा काहीच समजलं नसावं. तपासणीची बाई भांडं परत मागते आहे एवढं तिच्यापुरतं पुरेसं होतं. तिने फुलपात्र पदराने पुसून दोन्ही हातांनी पुढे केलं. "ले जाइए, दीदी."

मी घेतलं. होय, घेतलं. मी त्याच्या बदल्यात द्यायला नवीन मोठं फुलपात्र ठाण्याहून नेलं होतं, ते तिच्या हातात दिलं आणि हे माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळून, चेन लावून. अडीच वर्षं मानेवर बसलेलं ओझं उतरलं. दोन वाजायला आले होते. ताईला आत्ताच फोन करावा म्हणून मी मोबाइल काढला.

तेवढ्यात आतून एक छोटी मुलगी डोळे चोळत बाहेर आली. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. तिने आईचा पदर धरला आणि पाणी मागितलं. आईने नव्या फुलपात्रातून दिलं. पोरीने ते बघितलं, ढकललं आणि भोकाड पसरलं. आणि रडता रडता एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मला नेपाळी येत नाही. पण त्या वाक्यातला पहिला शब्द मला येत होता.

ते आमच्या पोरीचं नाव होतं.

मी मास्तरांकडे बघितलं. ते हसून म्हणाले, "तिला तिचा गिलास हवाय." आणि ते नाव घेतलं. तेही इतक्या सहज की जणू ती पलीकडच्या खोलीत राहते. आमची लिपी त्यांना वाचता येते. बाईने भांडं मिळालं त्या दिवशी नाव वाचलं, आणि तेव्हापासून या घरात त्याला त्याच नावाने हाक मारतात. अमकीचा गिलास घासून ठेव. अमकीच्या गिलासात दूध दे. दिवसातून किती वेळा, देव जाणे. चाळीस वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढ्या वेळा घेतलं नाही तेवढं ते नाव त्या पत्र्याच्या खोलीत एका दिवसात घेतलं जात होतं.

मी तिथेच दह्याच्या भांड्यांशेजारी बसले, पर्सची चेन उघडली आणि फुलपात्र पोरीच्या हातात दिलं. ती रडायची थांबली, पाणी प्यायली, अर्धं अंगावर सांडलं.

बाईने मला पाणी दिलं. मग त्या फुलपात्रावरचा एक शब्द बोटाने दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय? तो शब्द 'मावशीकडून' होता. मी म्हटलं, मौसीने दिया. "कौन मौसी?" तिने विचारलं. मी स्वतःकडे बोट केलं. तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी हसली, फोटोतलं नाही, वेगळं. मला तपासणीची बाई समजणं तिने तिथेच सोडून दिलं.

"और वो लड़की?" तिने विचारलं. "अब कितनी बड़ी है?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, "चार साल की."

"अच्छा," ती आपल्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हमारी से बस एक साल बड़ी."

मुलगी भूकंपानंतर चौथ्या दिवशी, ताडपत्रीखाली जन्मली होती. त्या दिवसांत खोपटला आमचा ट्रक उभा होता. हे मी तिला सांगितलं नाही.

परत आल्यावर मी घरी न जाता तडक डोंबिवलीला गेले. ताईने दार उघडलं, माझ्या हाताकडे बघितलं. हात रिकामे होते. ती आत जाऊन खुर्चीत बसली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. घेतलं होतं हेही सांगितलं, परत दिलं हेही सांगितलं. कोर्टात बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या जबान्या लिहिल्या, स्वतःची देताना मी दोनदा मागे जाऊन दुरुस्ती केली.

"काय म्हणते ती पोर?" ताईने विचारलं. "पाणी मागताना?"

मला ते नाव घ्यावं लागलं. घेताना आपोआप दाराकडे बघितलं, यजमान ऐकतील म्हणून. ते जाऊन नऊ वर्षं झाली आहेत.

"परत म्हण," ताई म्हणाली.

मी म्हटलं. तिने तीनदा म्हणायला लावलं. मग उठून आत गेली आणि कढी गरम करायला ठेवली. जेवताना आम्ही दुसरंच काहीतरी बोललो.

आठ दिवसांनी दुपारी दोन वाजता फोन वाजला. "डोंबिवलीला ये," ताई म्हणाली. "भांड्यांच्या दुकानात जायचंय. माझ्याने एकटीने जिना उतरवत नाही."

दुकान पूर्वेला, स्टेशनपासून दोन गल्ल्या. ताईने स्टीलचं फुलपात्र निवडलं. अर्धा तास निवडलं. कडा बोटाने तपासून, पोराच्या ओठाला लागणार नाही असं. मी म्हटलं, अगं, तिला आहे ना एक. तर म्हणाली, "ते राहू दे तिच्याकडे. पण तिच्या स्वतःच्या नावाचं तिला नको का? किती दिवस दुसरीचं वापरेल?"

नाव घालणारा कोपऱ्यात मशीन घेऊन बसला होता. साठीचा, कानात कापूस. ताईने त्या नेपाळी पोरीचं नाव सांगितलं. मी ते त्या वस्तीतूनच कागदावर लिहून आणलं होतं. त्याने कर्र कर्र करत घातलं, फुंकर मारली, आणि मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला.

"खाली काय टाकू, मावशी? कोणाकडून?"

मला वाटलं, ती स्वतःचं नाव सांगेल. किंवा माझंही घालेल, आता राग गेलाय तर. ताईने माझा दंड धरला आणि आपल्या मुलीचं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. तिचा शाळेचा दाखला कधी झालाच नव्हता.

त्या माणसाने मशीन बंद केलं नाही. कानातला कापूस जरा सरकवला.

"मोठ्यानं बोला मावशी, ऐकू नाय येत."

ताईने मोठ्याने सांगितलं. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्याने.